गुरुवारी ऐकू येणारा ओढा

मंजुषा हिप्परगे मॅडम पहिल्यांदा माझ्या गाडीत बसायला आल्या तेव्हा मी सवयीनं मागचं दार उघडून धरलं. त्या पुढं येऊन बसल्या. "मागं बसलं की गाव दिसत नाही, ड्रायव्हरचं डोकं दिसतं," असं म्हणाल्या आणि गुंडाळी केलेला नकाशा गुडघ्यांवर आडवा धरला.

मी रोहिदास. करंजवाडीचा. महाळुंग्याच्या पलीकडं, कंपन्यांच्या मधोमध आमची वाडी आहे. शेती होती तेव्हा आम्ही वाटाणा न् कांदा करायचो. आता माझी एक बोलेरो आहे आणि कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्या आहेत, तेव्हा त्या बारा होत्या. चाकण भागातल्या गावांचा विकास आराखडा करायचं काम पुण्याच्या एका कन्सल्टन्सीला मिळालं होतं, त्यांच्याकडं मी गाडी लावली होती. या गोष्टीला तीन वर्षं झाली.

मॅडम तेव्हा चाळिशीच्या. लातूरकडच्या. वडील भोसरीत एका कंपनीत फिटर होते, आणि घर म्हणजे पत्र्याची एक खोली. त्या खोलीत पावसाळ्यात गटाराचं पाणी शिरायचं. वडील कॉट विटांवर उचलून ठेवायचे आणि चारही भावंडं वर बसून अभ्यास करायची. "पाणी आमच्याच घरात का येतं, समोरच्या बंगल्यात का नाही, हे शोधायला गेले आणि नगररचनाकार झाले," असं त्या सांगायच्या. त्यांचं काम काय, हे मला आधी कळत नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "पुढची वीस वर्षं तुमचं गाव कुठं राहील, कुठून चालेल, पाणी कुठलं पिईल आणि घाण कुठं सोडेल, ते आत्ता कागदावर लिहायचं. चुकलं तर शिव्या द्यायला आपण जागेवर नसतो."

बाकीचे साहेब गाडीत एसी लावून टॅबवर बोटं फिरवायचे. मॅडम चालायच्या. हातात एक मोजायचं चाक, लांब दांड्याचं, लहान पोरांच्या गाड्यासारखं. जमिनीचा प्रत्येक गट पायाखाली घालायच्या. कुठं तरी मध्येच थांबून चप्पल काढायच्या आणि अनवाणी पाय जमिनीवर टेकवून उभ्या राहायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना चक्कर आली.

करंजवाडीत आम्ही गेलो तो मार्च महिना. दोन गोडाऊनच्या मधल्या बोळात एक दगडी कठडा आहे, कमरेएवढा, दहाएक फूट लांब. रोज मी त्याच्यावरून हात फिरवून जायचो. मॅडम तिथं थांबल्या.

"हा कशाचा?"

"असाच आहे."

"असाच कठडा कुणी बांधत नाही, रोहिदासभाऊ." त्यांनी नकाशा उघडला. भूमी अभिलेखातून आणलेली जुन्या गाव नकाशाची प्रत होती. डोंगराच्या पायथ्यापासून एक वाकडीतिकडी दुहेरी रेघ निघून थेट वाडीच्या अंगावरून इंद्रायणीकडं गेली होती. "हा पुलाचा कठडा आहे. इथून ओढा जायचा. कुठं गेला?"

"हितं? न्हाई बा," मी म्हणालो. "हितं कधीच ओढा नव्हता."

मी खोटं बोललो नाही. खरंच नाही. माझा जन्म तिथला, चाळीस वर्षं तिथं काढलेली, आणि त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं ओढा म्हणून काही आलंच नाही. गोडाऊनचा पत्रा आला, ट्रक आले. त्याच्या मागं नुसतं पांढरं.

मॅडमनी दोन दिवसांत वाडीतल्या अकरा माणसांना विचारलं. चावडीवर बसणारे म्हातारे, किराणावाला, माजी सरपंच, माझा थोरला भाऊ. प्रत्येकानं आधी डोळे बारीक केले, मग मान हलवली आणि म्हणाला, "हितं? न्हाई बा." अकराही जण हेच, शब्दाला शब्द. मॅडम वहीत नावापुढं उत्तर लिहीत गेल्या. सातव्या-आठव्या माणसानंतर माझ्या अंगावर काटा यायला लागला, कारण माझंही उत्तर तेच होतं.

गाडीत बसल्यावर त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "माणसं विसरतात, पण वेगवेगळं विसरतात. कुणाला जागा आठवत नाही, कुणाला साल. इतकी माणसं एकसारखं विसरलेली मी कुठं पाहिली नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या रेघेवरून चाक फिरवत न्यायला सुरुवात केली. रेघ गोडाऊनमधून गेली, वजनकाट्यावरून गेली, ट्रकच्या पार्किंगमधून वळली आणि माझ्या खोल्यांच्या दारात आली. पाच, सहा आणि सात नंबरच्या खोल्यांखालून ती आरपार जात होती.

 त्या तीन खोल्यांत भाडेकरू टिकत नाहीत हे मला माहीत होतं. बाकीच्या नऊ खोल्या कायम भरलेल्या, त्या तीन मात्र दोन महिन्यांत रिकाम्या. कारण विचारलं तर कुणी नीट सांगायचं नाही. गार लागतं म्हणायचे, नाहीतर बायकोला बरं नाही. मी सत्यनारायण घातला, दारावर लिंबू-मिरची बांधली. काही फरक पडला नाही.

सहा नंबरमध्ये तेव्हा दिव्या म्हणून एक परभणीकडची पोरगी राहायची. नवरा कंपनीत वेल्डर. लग्नाला वर्ष झालेलं. मॅडमनी दारातून "पाणी मिळेल का?" असं विचारलं आणि तिच्याशी बोलत बसल्या. पंधरा मिनिटांनी मला आत बोलावलं.

"भाऊंना सांग, मला सांगितलंस ते."

दिव्या पदराशी चाळा करत होती. "तसं काही न्हाई. फक्त गुरुवारी आवाज येतो. फरशीच्या खालून. कुणीतरी धुणं धुतंय असा."

"शेजारी धूत असतील," मी म्हणालो.

"शेजाऱ्यांकडं वॉशिंग मशीन आहे. हा दगडावर कपडा आपटल्याचा आवाज आहे. आधी तीन दणके, मग थांबतं, मग पुन्हा तीन. मी यांना सांगितलं तर हे म्हणले, गप्प बस, खोली स्वस्त आहे."

आमच्या पट्ट्यात कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी वीजही जाते. एरवी प्रेसमशीनचा धडधडाट, कॉम्प्रेसर, ट्रकचे रिव्हर्स हॉर्न हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबल्यावर माणूस दचकतो. गुरुवारी दुपारी वाडीत उभं राहिलं तर चिंचेचा पाला पडल्याचा आवाजसुद्धा येतो.

त्या गुरुवारी आम्ही बारा वाजता गेलो. ऊन पांढरंफेक पडलेलं. दिव्यानं दार लोटून घेतलं. मॅडम चप्पल काढून फरशीच्या मधोमध उभ्या राहिल्या. मी भिंतीला टेकून बसलो. समोर स्टीलचं एक पातेलं होतं, काठोकाठ पाण्यानं भरलेलं.

आधी काहीच नाही. माझाच श्वास मला ऐकू येत होता. मग पातेल्यातल्या पाण्यावर एक बारीक वर्तुळ उठलं आणि काठाला जाऊन मिटलं. त्याच्यामागून आवाज आला, खूप खालून, ओल्या जागेतून यावा तसा.

थप्. थप्. थप्.

मग थांबलं. त्या थांबण्यात दुसरा एक आवाज होता, जो दिव्यानं सांगितला नव्हता. वाहत्या पाण्याचा. पुन्हा तीन दणके. मी दिव्याकडं पाहिलं, ती माझ्याकडं पाहतच नव्हती. ती सवयीनं कांदा चिरत बसली होती, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं.

मॅडमच्या कपाळावर घाम होता, पण पाय त्यांनी हलवले नाहीत. अर्ध्या तासानं बाहेर आल्या तेव्हा इतकंच म्हणाल्या, "मार्च संपत आलाय. डोंगर तर खाणवाल्यांनी निम्मा नेलाय. हे पाणी येतंय कुठून?"

 

ऑफिसात त्यांनी ओढ्याची निळी रेघ आराखड्यात घातली, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून. त्यांचे वरिष्ठ सुजित सर वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. मी फायली उचलायला आत गेलो तेव्हा दोघांचं चाललं होतं.

"मंजुषा, आपण विद्यमान जमीन वापर दाखवतो. विद्यमान म्हणजे जे आहे ते. जागेवर गोडाऊन आहेत. ओढा नाही. तू नसलेली गोष्ट दाखवतेयस."

"पाणी विद्यमान आहे, सर. मी ऐकलंय."

"ऐकलेलं कुठल्या कॉलममध्ये भरू? त्या रेघेवर एका मोठ्या गृहप्रकल्पाची जागा आहे. एक साक्षीदार आण. एक तरी माणूस, जो म्हणेल की ओढा होता."

त्या संध्याकाळी मॅडम माझ्या घरी आल्या. माझी आई, सोजराबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मॅडमनी काही विचारलं नाही. शेजारी बसल्या आणि शेंगा फोडायला लागल्या. लातूरच्या चटणीत शेंगदाणे कसे कुटतात ते सांगितलं. आईनं तिच्या सासूची रीत सांगितली. सुपात दाण्यांचा ढीग झाला. मग मॅडम, मान वर न करता, म्हणाल्या, "आई, तुम्ही धुणं कुठं धुवायचात?"

आईचा हात थांबला. मला वाटलं, ती म्हणणार, हितं न्हाई बा. ती माझ्याकडं बघत राहिली. 

"वढ्यावर," ती म्हणाली. "पुलाच्या खालतीकडं. कौशल्याचा दगड व्हता ना तिथं. रोहिदासला इचारा की. त्यो व्हता त्या दिशी."

मी उठून बाहेर गेलो. बोलेरोत जाऊन बसलो आणि काच वर घेतली.  मॅडम आल्या आणि पुढं बसल्या. तेव्हा मला आठवलं. आठवलं म्हणणं बरोबर नाही. ते सगळं तिथंच होतं, मी त्याच्याकडं पाठ करून उभा होतो एवढंच.

पंधरा वर्षांपूर्वी जमिनींना भाव आला तेव्हा वाडीनं ओढा बुजवायचं ठरवलं. दोन्ही काठांची जमीन एक झाली तर मोठा तुकडा होणार होता. तीन दिवस मुरुमाचे डंपर पडत होते. सपाटी करायला ट्रॅक्टर होता, तो मी चालवत होतो. आणि ओढ्यात कौशल्याबाई बसली होती.

कौशल्याबाई आमच्या भावकीतली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, डोक्यानं जरा साधी. सगळ्या वाडीचं धुणं ती धुवायची आणि घराघरातून तिला भाकरी मिळायची. सकाळी दगडावर बसली की ऊन उतरेपर्यंत उठायची नाही. त्या दिवशीही उठेना. डंपर वर येऊन थांबला, माणसं ओरडायला लागली, आणि ती तीन दणके देऊन कपडा पाण्यात बुडवत राहिली. शेवटी आम्ही चौघं खाली उतरलो. एकानं तिचं धोपटणं हिसकावलं. मी तिचं मनगट धरलं. ती ओरडली नाही, रडली नाही. "सोड," म्हणाली. "पाणी आडंल. सोड." आम्ही तिला उचलून जीपमध्ये घातलं आणि ओतूरच्या पुढं तिच्या भावाकडं पोचवलं. संध्याकाळपर्यंत दगडावर पंधरा फूट मुरूम चढला होता.

त्या रात्री वाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून ओढा हा शब्द कुणाच्या तोंडातून गेला नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

मी सांगितलं ते सगळं मॅडमनी ऐकून घेतलं. मला वाटलं, त्या गाडीतून उतरतील आणि पुन्हा बसणार नाहीत. त्यांनी विचारलं, "ती जिवंत आहे?"

"माहीत नाही. कुणी गेलंच नाही परत."

"मग गुरुवारी जाऊ."

ओतूरच्या पुढं शोधत शोधत आम्ही त्या वाडीत पोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. भावाचं नाव दत्तोबा. सत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले. आम्ही कुठून आलो ते कळल्यावर त्यानं पाणी दिलं, पण बसा म्हणाला नाही.

"हाय की," तो म्हणाला. "मागं हाय. रोजच्या कामाला बसलीय."

घरामागं, जांभळीच्या सावलीत, एक सपाट दगड मांडलेला होता. त्याच्यापुढं कौशल्याबाई बसली होती. केस सगळे पांढरे, अंगात फक्त हाडं. हातात लाकडी धोपटणं. दगडावर एक जुनं लुगडं घडी घालून ठेवलेलं, कोरडं ठणठणीत. आजूबाजूला ना बादली, ना नळ. ती धोपटणं उचलायची, तीन दणके द्यायची, मग लुगडं उचलून बाजूच्या मातीत असं बुडवायची, जसं तिथं पाणी आहे.

"आली त्या दिवसापासनं असंच चाललंय," दत्तोबा म्हणाला. "आदी आमी धोपटणं लपिवलं. तर नुसत्या हातानं मारायची, हात फुटायचे. मग दिलं परत. हितं पाणी न्हाई म्हणून सांगितलं तर म्हणती, खाली हाय."

थप्. थप्. थप्. थांबा. मी तो आवाज ओळखला. मॅडमनीही ओळखला होता, कारण त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि दिव्याला फोन लावला.

"दिव्या, घरी आहेस ना? कंपन्या बंद? मोबाइल फरशीवर ठेव. काही बोलू नकोस."

त्यांनी आपला फोन स्पीकरवर टाकून तळहातावर धरला. आधी नुसती खरखर आली. समोर कौशल्याबाईनं धोपटणं उचललं. थप्, दगडावर. आणि फोनमधून, सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून, ओल्या जागेतून, थप्. ती दुसऱ्यांदा मारायची, फोन दुसऱ्यांदा वाजायचा. ती थांबली की पाण्याची झुळझुळ. मी स्वतःला सांगत होतो की इथलाच आवाज फोनमध्ये जाऊन परत येतोय. मॅडमच्याही मनात तेच आलं असावं. त्यांनी फोन माझ्या हातात देऊन मला घराच्या पुढं, रस्त्यावर पाठवलं. तिथून जांभळीखालचा आवाज येत नव्हता. फोनमधला येत होता.

मी उभा होतो तेवढ्यात फोनमधले दणके अचानक थांबले. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. नुसतं पाणी. मी मागं पळत गेलो. दत्तोबाच्या सुनेनं कौशल्याबाईच्या हातात चहाचा कप दिला होता. ती फुंकर मारून चहा पीत होती आणि धोपटणं मांडीवर ठेवलेलं होतं. फोनमधून दिव्याचा बारीक आवाज आला, "मॅडम, आज लवकर थांबलं."

मॅडमनी फोन बंद केला. चेहरा राखेसारखा झाला होता. पण त्या कौशल्याबाईच्या शेजारी मातीत बसल्या आणि तिचा चहा संपायची वाट पाहिली. मग म्हणाल्या, "मावशी, पाणी कुठनं येतं?"

कौशल्याबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पंधरा वर्षांत मी जाडा झालो होतो, टक्कल पडलं होतं. तिनं हात पुढं केला आणि माझं मनगट धरलं. त्या वाळक्या हातात इतका जोर कुठून आला, माहीत नाही. हात बर्फासारखा होता, आणि ओला.

"कडंला व्हा," ती म्हणाली. "तुमी उबं ऱ्हायलाय त्यावर. कडंला व्हा."

परतीच्या वाटेत राजगुरुनगरला मॅडमनी गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेला ओकल्या. पाण्यानं तोंड धुतलं. मग गाडीत बसून म्हणाल्या, "हे कुणालाही सांगायचं नाही. यातलं एक वाक्य जरी अहवालात गेलं तर मला वेडी ठरवतील आणि ओढा कायमचा जाईल. आपण फक्त एवढंच सांगायचं, ओढा होता. तुम्ही सांगाल?"

मी हो म्हणालो नाही. माझ्या तीन खोल्या त्या रेघेवर होत्या. भावाचं गोडाऊन होतं. मी म्हणालो, "बघू."

आईनं मात्र अंगठा दिला. तेवढ्या एका साक्षीवर सुजित सरांनी निळी रेघ राहू दिली. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला आणि हरकती मागवल्या गेल्या. आमच्या वाडीतून त्रेसष्ट हरकती गेल्या. सगळ्या एकाच कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या, सगळ्यांत एकच वाक्य, "सदर ठिकाणी ओढा कधीही अस्तित्वात नव्हता." त्रेसष्टातली एक माझ्या नावाची होती. भावानं ती माझ्यापुढं धरली होती आणि मी सही केली होती.

सुनावणी आकुर्डीतल्या एका सभागृहात होती. समोर समितीचे लोक, बाजूला मॅडम, फक्त तांत्रिक माहिती द्यायला बसलेल्या. एकेकाचं नाव पुकारायचे. माणूस उठायचा आणि म्हणायचा, "तिथं? नाही साहेब." मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तेच शब्द, तोच सूर, पुन्हा पुन्हा. माझ्या पुढच्या माणसानं ते म्हटलं तेव्हा मला जाणवलं की माझेही ओठ त्याच्याबरोबर हलताहेत. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती जांभळीखालीसुद्धा वाटली नव्हती.

माझं नाव आलं. मी उभा राहिलो.

"ओढा होता," मी म्हणालो. "मी बुजवला. ट्रॅक्टर माझा होता. तिथं एक बाई धुणं धूत होती, तिला आम्ही उचलून बाहेर काढलं. माझी सही खोटी आहे."

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भाऊ उठून निघून गेला. तो आजही माझ्याशी बोलत नाही. कुणी शिवी दिली, कुणी हसलं. मग मागच्या रांगेतून दोन म्हाताऱ्या बाया उठल्या आणि एकदमच बोलायला लागल्या. पूल कुठं होता, करंजाची झाडं किती होती, कुणाची म्हैस वाहून गेली होती. समितीच्या अध्यक्षांना त्यांना थांबवावं लागलं. मी मॅडमकडं पाहिलं. त्या खाली मान घालून लिहीत होत्या, आणि वहीवर पाणी पडत होतं.

समितीनं जागेवर खड्डा घेऊन बघायला सांगितलं. पाच नंबरची खोली मी स्वतः पाडून दिली. पुढच्या वर्षीचा मे महिना होता. पोकलेननं बारा फूट मुरूम काढला, मग चालकानं मशीन बंद केलं आणि म्हणाला, "साहेब, खाली ओलं आहे." पुढचं हातांनी उकरलं. पंधरा फुटांवर पाणी लागलं. साचलेलं नव्हतं, वाहत होतं, स्वच्छ. आणि मधोमध धुण्याचा दगड. पंधरा वर्षं गाडलेल्या दगडावर गाळाचा थर हवा, तो नव्हता. गुळगुळीत, घासल्यासारखा, सकाळीच कुणीतरी वापरून उठल्यासारखा. भूजलाचे जाणकार येऊन गेले. खडकातल्या भेगेतून झरा येत असावा, असं त्यांनी लिहिलं. भेग काही त्यांना सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तोबाचा फोन आला. कौशल्याबाईनं काल दुपारी धोपटणं चुलीत घातलं होतं. त्यानंतर ती वर्षभर जगली, ओट्यावर हात मांडीत घेऊन बसायची, आणि झोपेत गेली. मी अंत्यविधीला गेलो होतो.

सगळं चांगलं झालं असं मात्र नाही. मॅडमनी दोन्ही काठांना जेवढी मोकळी जागा मागितली होती, तिच्या निम्मी मंजूर झाली. वळणापाशी, जिथं तो गृहप्रकल्प होता, तिथं रेघ "तांत्रिक दुरुस्ती" म्हणून थोडी सरकली. त्याच्यावर मॅडम भांडल्या. चार पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. काम लांबल्याचा ठपका त्यांच्यावर आला आणि कन्सल्टन्सीनं त्यांना दुसऱ्या कामावर टाकलं. सहा महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. आता लहानमोठी कामं घेतात आणि एका कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस नगररचना शिकवतात. माझ्या रेघेवरच्या उरलेल्या दोन खोल्याही गेल्या. ओढा तिथं दोनशे फूट उघडा आहे. बाया काठावर थांबून बघतात, पाण्यात कुणी उतरत नाही.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. "रोहिदासभाऊ, हिंजवडीकडं जायचंय. भाडं घ्यायचं असेल तरच या."

जाताना तासभर ट्रॅफिकमध्ये अडकलो. तेव्हा त्यांनी सांगितलं. पहिल्या नोकरीत, चोविसाव्या वर्षी, साहेबांनी त्यांना कॉम्प्युटरवर तीन रेघा पुसायला सांगितल्या होत्या. तीन ओढे. त्यांनी पुसल्या. दुपारच्या चहाआधी काम झालं होतं. ती गावं त्यांनी तेव्हा पाहिलीही नव्हती. त्यातलंच एक हिंजवडीकडचं होतं.

"तुमच्या वाडीत मी इतकी का अडून बसले असं तुम्ही कधी विचारलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"विचारायला हवं होतं का?"

"नको होतं."

एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर गाडी उभी केली. तळघरातल्या पार्किंगमध्ये पंप चालू होता. वॉचमन म्हणाला की तो बाराही महिने चालू असतो, बंद केला की दोन तासांत गाड्यांच्या चाकांना पाणी लागतं. मॅडमनी त्याला पंप पाच मिनिटं बंद करायला सांगितला. तो तयार नव्हता, मग झाला.

मॅडमनी चप्पल काढली आणि दोन खांबांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. मी जिन्यापाशी थांबलो, पुढं गेलो नाही. पाच मिनिटांनी त्या आल्या तेव्हा वॉचमनला त्यांनी एकच गोष्ट विचारली, "या जागेवर आधी ज्यांची शेती होती, त्यांच्या घरातली एखादी म्हातारी बाई आहे का हो अजून?"

त्यानं गेटवर येऊन रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. वाहनं थांबेनात, तरी मॅडम हात वर करून रस्ता ओलांडायला लागल्या. मी गाडीला कुलूप लावून त्यांच्या मागं गेलो.